मुरमावरची तार

माझ्या लग्नात दामूअण्णा अक्षता मुठीत धरून मांडवाच्या वायरी न्याहाळत होते. भटजींनी 'सावधान' म्हटलं तेव्हा जमलेल्या पाचपन्नास माणसांत खरोखर सावध असा एकटा तोच इसम. चहाचा कपसुद्धा ते आधी टेबलाच्या मध्यावर सरकवतात. "समजा, धक्का लागला तर?" हे त्यांचं 'समजा' आम्हा सगळ्यांना पाठ आहे.

आळे गावाजवळच्या आमच्या सबस्टेशनात ते रिले तपासतात. रिले म्हणजे लाईनीचा राखणदार. कुठे तार तुटली, शॉर्ट झालं, की त्याने ताबडतोब लाईन ट्रिप करायची, म्हणजे वीज तोडायची. पण तो जागा आहे की नाही हे बघायला खरी तार तोडून कसं चालेल? म्हणून अण्णांनी आमची अख्खी लाईन कॉम्प्युटरवर मांडलीय आणि जेवणाच्या सुट्टीत ते तिथे तारा तोडत बसतात. ओल्या उसात तोडली, की रिले ट्रिप करतो. विहिरीवर तोडली तरी करतो. डोंगराकडच्या कोरड्या मुरमावर तोडली, की मात्र ढिम्म. मुरमात करंट इतका थोडा जातो, की कुणीतरी मोटर चालू केली असेल असंच त्याला वाटतं. त्याला आणखी कडक करावं, तर खऱ्या मोटरींनाही लाईन ट्रिप होते आणि गाव भांडायला दारात येतं.

"रोज तीच तार काय तोडता, अण्णा?" मी चिडवायचो.

"तितं मला लई भ्या वाटतं, भाऊ."

आम्ही हसायचो.

चैत्रातल्या एका दुपारी वावटळ आली आणि लाईन ट्रिप झाली. अशा वेळी आमचा रिवाज ठरलेला. थोडं थांबायचं आणि लाईन पुन्हा चालू करून बघायची, टिकली तर टिकली. याला आम्ही ट्रायल म्हणतो. शेतकऱ्यांचे फोन सुरू झालेच होते, "राव, ऊस वाळतोय, सोडा की." मी स्विचला हात घातला, तोच अण्णांनी माझं मनगट धरलं.

"ट्रायल नको. समजा, फांदीला लागून ट्रिप झाली आन् मंग तार मुरमावर पडली. आता सोडली तर रिलेला कळायचं न्हाई, तार जिती ऱ्हाईल."

दुसऱ्या हाताने ते बायकोला फोन लावत होते. ती उचलत नव्हती.

"येसू शेळ्या घिऊन तिकडंच असती," ते म्हणाले.

साहेबांचा फोन आला, अण्णांनी तो कापला आणि पुन्हा तिलाच लावला. रिंग नुसती वाजत राहिली. मी स्विचपासून लांब जाऊन उभा राहिलो.

शेवटी तिने उचलला. स्पीकरवर आधी वाराच ऐकू आला.

"आवं, हितं तार पडलीया. शेळ्या पल्याड गेल्यात. वलांडू का?"

"नको," अण्णा म्हणाले. "मागं सर. लांब बांधावर जाऊन बस. मानूस धाडतो."

"बरं. पर झालंय काय?"

अण्णा खुर्चीत बसले. मोबाईल दोन्ही हातांनी धरला होता.

"काय न्हाई," ते म्हणाले. "जेवलीस का?"