भिंतीकडे तोंड केलेले खासदार

स्वतःबद्दल स्वतःच लिहायचं म्हणजे संकोच वाटतो, पण दुसऱ्या कुणी अजून लिहायला घेतलेलं नाही, आणि वाचकांना किती दिवस ताटकळत ठेवायचं? मी दहावीत आहे. माझी नजर घारीची, कान सशाचे आणि बुद्धी कुणाची, ते अजून प्राणिशास्त्राला सापडलेलं नाही. आजवर माझ्या हातून तीन प्रकरणं सुटली. त्यातली दोन निसटली या अर्थाने सुटली, असं माझी सहायक म्हणते. ती माझ्याच वर्गात आहे. तिला सगळ्याच गोष्टींबद्दल शंका असते, म्हणून तिचं नावच शंका पडलं आहे. थोर माणसांना असा एक भोग असतोच.

चौथं प्रकरण घरातूनच आलं.

आमच्या गल्लीच्या टोकाला खासदारसाहेबांचं कार्यालय आहे. साहेब राजधानीत असतात. दारात असतो त्यांचा प्लायवूडचा कटआउट, हसरा, हात जोडलेला. तो खऱ्या साहेबांपेक्षा वीतभर उंच आहे आणि लोकांना कितीतरी जास्त वेळा भेटतो.

त्या वेळी सभागृह तेवीस दिवस ठप्प होतं. एक बाजू उठून घोषणा द्यायची, दुसरी बाजू त्या घोषणांचा निषेध करायला उठायची, आणि सभापती सगळ्यांना 'उद्या या' म्हणायचे. आमच्या वर्गात शनिवारचा शेवटचा तास असाच जातो. फरक इतकाच की, आमच्यासाठी कुणी मतदान केलेलं नाही.

आणि गेले नऊ दिवस रोज सकाळी या लाकडी साहेबांचं तोंड भिंतीकडे फिरवलेलं सापडत होतं. रस्त्याकडे पाठ. दहाला सचिव येऊन सरळ करेपर्यंत शिक्षा झालेल्या पोरासारखे साहेब भिंतीशी उभे. गल्ली खूश होती. लोक दूध आणायला मुद्दाम वळसा घालून जायला लागले. एका वाहिनीची गाडीसुद्धा येऊन गेली.

खूश नव्हता तो फक्त माझा मामा, कारण त्या कार्यालयाचा रात्रपाळीचा रखवालदार तोच. साहेबांच्या सचिवांनी त्याला बजावलं होतं, "सोमवारपर्यंत माणूस पकडून द्या, नाहीतर टोपी आणि काठी जमा करा." मामाचं वय छप्पन्न, आणि गुडघे त्याहून म्हातारे. आता त्याला दुसरीकडे कोण ठेवणार?

"डोळ्याला डोळा लागलेला नाही माझा," तो आमच्या स्वयंपाकघरात आईला सांगत होता. "सकाळी सहाला मागचे दिवे मालवतो, पंप बंद करतो आणि मागच्याच फाटकाने घरी जातो. तोवर साहेब सरळ उभे असतात गं, ताई."

"मामा, हे प्रकरण मी हातात घेतलं आहे," मी म्हटलं.

मामाचा चेहरा आणखीच पडला.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी जबान्या घेतल्या. इतर गुप्तहेरांना गुन्हेगार सापडत नाही, माझी अडचण उलटी होती. गुन्हा कबूल करायला रांग लागली होती.

"मीच फिरवलं, लिहून घे," समोरचे सलूनवाले काका वस्तरा पुसत म्हणाले. "माझ्या दारातला खड्डा चार वर्षं माझ्याकडे बघतोय. त्याबद्दल एक प्रश्न विचारला का यांनी?"

"किती वाजता फिरवलंत?"

"पहाटेच."

"काका, तुम्ही नऊला उठता," शंका म्हणाली.

"मनाने फिरवलं," काका म्हणाले.

दवाखान्यातल्या नर्सताई जरा खऱ्या निघाल्या. "आमच्या एक्स-रे मशीनचा विषय तिथे निघणार होता. त्या दिवशी सभागृह चार मिनिटं चाललं. चार मिनिटांत माझं बँडेजसुद्धा होत नाही. मी नाही फिरवलं. पण ज्याने फिरवलं ना, त्याला मी इंजेक्शन हळू देईन."

विरोधी पक्षाचा कार्यकर्ता म्हणाला, "ते आमचं आंदोलन आहे."

"पुरावा?"

"पत्रक काढलंय ना."

संध्याकाळपर्यंत अकरा कबुलीजबाब जमले. मी ते सगळे फेटाळले आणि स्वतःचे सिद्धांत मांडले. पहिला, वारा. शंकाने दाखवून दिलं की शेजारची झाडाची कुंडीसुद्धा हललेली नाही. दुसरा, सचिवच गुन्हेगार, कारण रोज त्या हसऱ्या चेहऱ्यासमोरून आत जायचं म्हणजे माणसाचं काहीतरी होणारच. पण सचिव दहाला येतात आणि तोंड फिरलेलं पहाटे असतं. तिसरा सिद्धांत माझा आवडता होता. साहेब आपोआप फिरतात, लाजेने.

"लाकूड फुगतं," शंका म्हणाली. "लाजत नाही."

मग उरला पहारा. रविवारी पहाटे पावणेसहाला मी कार्यालयाच्या पायरीवर बसले. हातात वर्तमानपत्र, त्याला दोन भोकं. पान पहिलंच होतं, त्यामुळे भोकं दोन्ही बाजूंच्या नेत्यांना सारखीच पडली होती. शंकाला तिच्या आईने सोडलं नाही. सहाला मामा मला हात करून मागे गेला आणि पाठोपाठ सफाईवाल्या मावशी बादली घेऊन आल्या.

"ऊठ गं, पायरी पुसायचीय."

"मावशी, मी कामात आहे."

"मीपण."

मी उठले.

"उठलीच आहेस तर या साहेबांना जरा धर. एकटीला जड जातं."

मी डाव्या हाताने साहेबांचा खांदा धरला. उजव्या हातातल्या भोकांतून माझी करडी नजर रस्त्यावरच होती, कारण तेवढ्यात एक अत्यंत संशयास्पद सायकलवाला आला. तो वळणाआड जाईपर्यंत मी पापणी लवू दिली नाही. त्याच्या पिशवीत पाव होते. मावशी पुसून निघून गेल्या, आणि मी वळून पाहिलं.

साहेबांचं तोंड भिंतीकडे होतं.

माझ्या नाकासमोर, काही मिनिटांत. मी वहीत लिहिलं, 'गुन्हेगार अदृश्य आहे.'

घरी येऊन मी मिनिटामिनिटाचा वृत्तांत दिला. मामा डोकं धरून बसला होता. आई कणीक मळत होती. ती थांबली.

"मावशींनी काय धर म्हटलं?"

"साहेबांना."

"मग तू काय केलंस?"

"धरले. फिरवून भिंतीला टेकवले आम्ही. पण आई, तो सायकलवाला..."

"आणि सरळ कुणी केले?"

मी वही काढली आणि 'अदृश्य' या शब्दावर काट मारली.

आई पिठाच्या हातांनीच बाहेर पडली आणि शेजारच्या इमारतीचा जिना पुसणाऱ्या मावशींना घेऊन आली.

"चार वर्षं फिरवतेय की," मावशी म्हणाल्या. "फिनेल उडतं, चेहऱ्यावर डाग पडतात. सातला शिपाई येतो, तो सरळ करतो. फिरवायचं काम माझं, सरळ करायचं त्याचं."

"शिपाई नऊ दिवसांपासून राजधानीत आहे," मामा सावकाश म्हणाला. "साहेबांचा घोषणेचा फलक धरायला नेलाय."

"ते मला कुणी सांगायचं?"

"अहो, साहेबांच्या छातीवर नोटीस चिकटवली होती, हात लावू नये म्हणून."

"त्यांच्या छातीवर कायम काहीतरी लिहिलेलंच असतं. वाचतंय कोण?"

सोमवारी दहाला आम्ही सगळे सचिवांपुढे उभे राहिलो. उकल मीच सांगितली. त्यात 'एका अनोळखी मुलीने मदत केली' एवढाच किरकोळ बदल केला. सचिव पांढरे पडले.

"हे बाहेर कुणाला बोललात?"

कालच रात्री त्यांनी वाहिन्यांना निवेदन दिलं होतं. सभागृह सुरू होईपर्यंत जनतेला तोंड दाखवणार नाही, अशी साहेबांची प्रतिज्ञा आहे, आणि कटआउट त्यांच्याच आज्ञेने फिरवला जातो. सकाळपासून तेच दाखवत होते. बाहेर सलूनवाले काका कॅमेऱ्यासमोर डोळे पुसत होते.

"लोकांना आवडलंय," सचिव हळूच म्हणाले. "पाच वर्षांत पहिल्यांदाच."

"मग माझ्या भावाची नोकरी?" आईने विचारलं.

नोकरी राहिलीच, वर दिवसपाळी मिळाली आणि लेखी आदेश मिळाला, 'सभागृह सुरू होईपर्यंत साहेबांना कुणीही सरळ करू नये.' मामाने तो कागद घडी घालून टोपीत ठेवला आणि कितीतरी दिवसांनी नीट श्वास घेतला.

दुपारी नर्सताई आल्या. साहेबांची पाठ त्यांनी नीट न्याहाळली. रुंद, कोरी, सपाट. पर्समधून एक्स-रे मशीनचा अर्ज काढला आणि चिकटवून टाकला. मग सलूनवाल्या काकांनी खड्डा लावला. संध्याकाळपर्यंत साहेब मानेपासून टाचेपर्यंत अर्जांनी भरले, आणि प्रतिज्ञेचं चित्रण करायला आलेल्या वाहिन्या एकेक अर्ज मोठ्याने वाचून दाखवायला लागल्या.

सचिव धावत बाहेर आले. "फिरवा, आत्ताच्या आत्ता सरळ करा यांना."

मामाने काठी आडवी धरली आणि दुसऱ्या हाताने टोपी काढली.

"जमायचं नाही, साहेब. लेखी आदेश आहे. सही तुमचीच."

सचिवांनी कागद वाचला, कॅमेऱ्यांकडे पाहिलं आणि जागच्या जागी राजधानीला फोन लावला.

"साहेब, काय वाटेल ते करा, पण सभागृह चालू करा," ते कळवळून म्हणाले. "तुमच्या पाठीवर आता जागा उरलेली नाही."