प्रसादाची गोळी

मागच्या वर्षी भागवत सप्ताहात ऐन आरतीच्या वेळी माइक बंद पडला. वायरमनने उंदराने कुरतडलेली वायर सर्वांना दाखवली. परंतु उंदराला जाब विचारण्याची तरतूद नसल्यामुळे सप्ताह समितीने सखोल चर्चा केली आणि मंडपात पाळीतली कुणी बाई शिरली असावी, असा निष्कर्ष एकमताने काढला. एकमत व्हायला अडचण नव्हती. समितीत बाई नव्हती.

म्हणून गोंडपिपरीकडच्या आमच्या गावाने यंदा शास्त्रीय उपाय योजला. सप्ताह संपेपर्यंत गावात कुणाचीही पाळी येऊ द्यायची नाही, असे ठरले. मेडिकलवाल्या प्रफुलने पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची खोकी आणली. याला डॉक्टरची चिठ्ठी लागते, अशी शंका कुणीतरी काढली. तेव्हा अध्यक्ष लटारूभाऊंनी खोकी देवापुढे ठेवली, वर झेंडूचे फूल वाहिले आणि गोळ्या प्रसाद असल्याचे जाहीर केले. प्रसादाला चिठ्ठी लागत नाही.

साखरफुटाण्यांबरोबर वाटप सुरू झाले. लटारूभाऊंच्या पत्नी गुणाबाई म्हणाल्या, "माही पाळी जाऊन जमाना झाला, मी काऊन घेऊ?"

"प्रसादाले नाई म्हणत नसते," लटारूभाऊ म्हणाले. गुणाबाईंनी गोळी कपाळाला लावून गिळली.

अडली ती त्यांची सून साधना. तिचा नवरा घुग्घुसच्या कोळसा खाणीत कामाला, तिथेच राहतो. ती एकटीच दुकानात गेली.

"प्रफुलभाऊ, बाळंतपणानंतर माह्या पायात रक्ताची गुठळी झाली होती. हार्मोनच्या गोळ्या कधीच घेऊ नको, असं डॉक्टरबाईनं बजावलं हाये."

"त्या पाळणा लांबवायच्या गोळ्या, वहिनी. ह्या भक्तीच्या."

"पण आत हार्मोनच हाये ना?"

"हाये. पण देवापुढं ठेवल्यावर मंग मी काय बोलू?"

घरी लटारूभाऊ वाटच पाहत होते. "गावातल्या साऱ्या बायांनी घेतली अन् अध्यक्षाची सून घेत नाई? मी मंडपात तोंड कसं दाखवू?"

सासऱ्याच्या तोंडाची जबाबदारी सुनेवर असते. सुनेच्या पायाची जबाबदारी समितीच्या कुठल्याच सदस्याकडे नव्हती. साधनाने त्या दिवसापासून गोळ्या घ्यायला सुरुवात केली.

सप्ताह निम्म्यावर आला तेव्हा तिची डावी पोटरी सुजून लाल झाली. "उभं राहून पोळ्या लाटल्या का होतेच तसं," म्हणत गुणाबाईंनी तेल लावून चांगली रगडून दिली. दुसऱ्या दिवशी महाराज स्त्री ही शक्ती आहे या विषयावर बोलत असताना ती शक्ती मंडपामागे भाजीच्या कढईजवळ धापा टाकत कोसळली. तिची हाक कुणाला ऐकू गेली नाही. माइक खणखणीत चालू होता.

चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "काही औषध चालू होतं?"

"नाई जी," लटारूभाऊ म्हणाले.

"गर्भनिरोधक? हार्मोनची गोळी?"

"आमच्या घरचे संस्कार तसे नाई."

"मग गेल्या काही दिवसांत पोटात काय गेलं?"

"प्रसाद."

साधनाने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारला. "तो प्रसाद दिवसातून तीनदा घ्याचा होता, डॉक्टरसाहेब. पाकिटातून फोडून."

गुठळी फुफ्फुसात पोचली होती. साधना वाचली, ते तिने मास्क सारला म्हणून. गोळ्या बंद झाल्या आणि तिथेच, खाटेवर, तिची पाळी आली. हे कळताच लटारूभाऊंचा चेहरा पडला. सप्ताहाची सांगता व्हायची होती. समितीची तातडीची बैठक बसली. दवाखाना गावाच्या शिवेबाहेर असल्याने सप्ताहाच्या शुद्धतेला बाधा आलेली नाही, असा निर्वाळा देण्यात आला. पुढच्या वर्षी अशक्त पायांच्या बायांना आधीच माहेरी पाठवावे, अशी सूचनाही आली आणि टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली.

तुम्ही लटारूभाऊंना मनातल्या मनात शिव्या घातल्या असतील. घाला, माझ्याही तोंडात त्याच आहेत. मात्र महालक्ष्म्या बसायच्या आधी तुमच्या घरातही सुनेची तारीख विचारली जाते. ती कोण विचारतं आणि मेडिकलमध्ये कुणाला पिटाळलं जातं, ते तुम्हाला ठाऊक आहे. तिची तारीख तुम्हाला पाठ आहे. तिचा पाय कधी सुजला होता का, हे तुम्ही विचारलंय?