शेषरावकाकांचा न निवडलेला कन्व्हर्टर

शेषरावकाका माणसं आकड्यांत मोजतात. पगार नाही, वय नाही, स्टॉल! आमच्या गल्लीतल्या माजी नगरसेवकांना ते ‘चार हजारी’ म्हणतात. “गुरगुर चार हजाराची, अन् जागचा हालत नाई!” दूधवाला बाराशे, कारण हाक मारली की निघाला. आणि आठवडी बाजारात बायकांसाठी संडास हवा, म्हणून मी पहिलं पत्रक काढलं, तेव्हा मला त्यांनी साडेतीन हजार दिले. मी मोर्चे काढणारी; तेव्हाही निषेध केला, आजही करते.

हा आकडा त्यांच्या मोटारीतून आला आहे. मोटार जुनी, ऑटोमॅटिक. तिला क्लच नसतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेला एक गोल डबा असतो, तो टॉर्क कन्व्हर्टर. इंजिन मिनिटाला किती फेऱ्यांवर गेलं की हा डबा गाडीला जोरात ओढतो, तो आकडा म्हणजे स्टॉल. आकडा लहान असेल तर गाडी सालस. मोठा असेल तर आधी नुसती डरकाळी, मग एकदम उडी. आणि बाजाराच्या गर्दीत तेल तापून जळका वास.

काका पाटबंधारे खात्यातले निवृत्त कारकून. नोकरीत त्यांनी कधी कुणावर आवाज चढवला नाही. तो सगळा आवाज त्यांनी या इंजिनात भरला. जालन्याहून ते असं तगडं बांधून आणलं, की सुरू केलं की आमच्या मांडणीतली ताटं वाजतात. जुना कन्व्हर्टर मात्र गेलेला. नवा, दणकट, बाहेरून मागवायचा. आणि तो निवडण्यात दोन उन्हाळे गेले!

निवडायला गाडीचं वजन लागतं. म्हणून काकांनी ट्रॅक्टरला बांधून गाडी वजनकाट्यावर नेली. एकदा टाकी भरून, एकदा रिकामी. पावसाळ्यात म्हणाले, “सीटा ओल धरतात,” आणि परत नेली. पुण्याच्या दुकानदाराला त्यांनी इतके फोन केले, की तो आता काकांना नुसत्या खोकल्यावरून ओळखतो. तो एकच विचारतो, “गाडी कोण चालवणार, रोज कशी चालवणार?” यावर काका “पाहून सांगतो” म्हणतात आणि फोन ठेवतात.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण काकांच्या बायकोचं, विमलकाकूंचं काय? काकू शेजारच्या उंद्री गावातल्या शाळेत मास्तरीण. डावा पाय लहानपणापासून अधू, क्लच दाबता येत नाही. गाडी ऑटोमॅटिक घेतली ती त्यांच्यासाठीच. लायसन्स काढून ठेवलंय. आणि गाडी दारात असताना ही बाई रोज सकाळी सातला नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून शाळेत जाते! का, तर साहेबांचा आकडा ठरत नाही!

एका रविवारी मी फाटक वाजवलं.

“काय वं, पत्रक वाटाले आली का?”

“भांडायला आले. चौकातल्या पोरांना साडेतीन हजारांची उडी दाखवायची, म्हणून काकूंनी मागे बसायचं?”

“साडेतीन हजार?” काका खरोखर दचकले. “विमल चालवणार अन् साडेतीन हजार? शाळेच्या भिंतीत घुसन ना गाडी! बावीसशे. पह्यल्याच दिवशी ठरलं होतं.”

“मग मागवत काऊन नाही?” रागात माझीही भाषा गल्लीवर आली.

काका बॉनेट पुसायला लागले. स्वच्छच होतं.

“एकदा बसवला का विमल एकटी जाईन. आता उंद्री येईस्तोवर मागून बोलत राह्यते. कोनतं पोरगं रडलं, कोनाचा डबा सांडला. घरी एवढी नाई बोलत. मंग मले कोन सांगन?”

“शेजारी बसून जा.”

“अन् शाळा सुटेस्तोवर? मास्तरनीचा नवरा झाडाखाली बसला, बरं दिसते का?”

माझ्याकडे अजून दोन मुद्दे होते. मी फक्त एक मांडला. “म्हणून त्यांनी आयुष्यभर मागेच बसायचं का, काका?”

काकांनी फडकं बॉनेटवर ठेवलं. मग फोन माझ्या हातात दिला. “लाव. मी लावला का मधातच बंद करतो. तू घट्ट धर.”

मी धरला. काका फोनजवळ तोंड नेऊन ओरडले, “बावीसशे! बायको चालवणार हाये. रोजची नोकरी.”

कन्व्हर्टर आला, बसला. सोमवारी सकाळी काकूंनी गाडी गल्लीतून अशी अलगद काढली, की चौकातली पोरं ओरडली, “काका, उडी कुठं गेली?” काका हसले नाहीत, रागावले नाहीत. इस्त्रीचा शर्ट घालून, सवयीने हेल्मेट हातात धरून, ते रस्त्यावर उभे होते. गाडी वळली तरी उभेच.

मग माझ्याकडे वळले.

“तुहा मोर्चा किती वाजता असते वं?”

“अकराला.”

“सातले नसते का?”

“सातला कचेऱ्याच उघडत नाहीत, काका. मोर्चा कुणावर काढायचा?”

“पत्रकं तं वाटता येतीन.”

मी अर्धा गठ्ठा आणून दिला.

“समदा दे,” काका म्हणाले.