दामले सरांचा पांढरा धूर

दामले सरांसमोर ‘आगीशिवाय धूर निघत नाही’ असं म्हणायची सोय नव्हती. म्हणणाऱ्याला ते हाताला धरून आपल्या गराजमध्ये नेत. तिथे दोन बाटल्या: एकीत अमोनिया, दुसरीत हायड्रोक्लोरिक ॲसिड. बुचं काढून तोंडं जवळ आणली, की पांढराशुभ्र धूर!

“दोन वायू भेटले, नवसागर झाला. आता आग दाखवा!”

पाहुणा खोकत खोकत शरण येई. मग चहा.

जन्मभर पुण्यात केमिस्ट्री शिकवून सर इथे न्यूझीलंडमध्ये लोअर हटला मुलाकडे आलेले. मोज्यांवर जांडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, चढवून गावभर फिरत आणि दिसेल त्याला ‘किआ ओरा’ असा माओरी नमस्कार करत. त्यांनी एकदा हॉल पेटवला, असं आमच्या मराठी मंडळात अजून सांगतात. मीही ते हसून ऐकत आलो. आता माझी ऐंशी उलटल्यावर ते हसू टोचतं, म्हणून खरं काय ते लिहितो.

वैशाली नावाची नर्स दर शनिवारी हॉलमध्ये मुलांना मराठी शिकवायची. तिचा नवरा भारतात परत गेला आणि तिच्या दारात कुणाची तरी यूट, इथली पिकअप गाडी, दिसू लागली. लगेच त्याच हॉलमध्ये मंडळाची बैठक बसली: वर्ग तिच्याकडे ठेवायचा का?

“लोक उगाच बोलतात का?” सेक्रेटरी म्हणाले. “आगीशिवाय धूर निघत नाही.”

मी मान डोलावली.

सर उठले. मला वाटलं, चहाला. ते माझ्या गाडीत ठेवलेल्या आपल्या पिशवीतून बाटल्या घेऊन आले.

“सर, इथे नको!”

“इथेच!”

मागच्यांना दिसावं म्हणून ते खुर्चीवर चढले, थेट स्मोक अलार्मखाली. अलार्म किंचाळला. आम्ही सगळे बाहेर लॉनवर, आणि बंब दारात. एक धिप्पाड जवान हॉल हुंगून आला.

“नो फायर, मेट.”

“लिहून घ्या,” सर सेक्रेटरींना म्हणाले. “सरकारी मत आहे.”

त्यांना घरी सोडताना मी विचारलं, “सर, एवढं कशाला?”

“आमच्या ताईचं लग्न या एका वाक्यावर मोडलं. मी तेव्हा बी.एस्सी.ला. बाटल्या हाताशी होत्या. बोललो नाही.”



वर्ग वैशालीकडेच राहिला. पुढच्या शनिवारी नातवाला घेऊन मी जरा बिचकतच गेलो. वैशाली फळा पुसत होती. दुसरं एकही मूल आलेलं नव्हतं. पहिल्या रांगेत, मुलांच्या बुटक्या खुर्चीत, गुडघे छातीशी घेऊन सर बसले होते.

“उशीर केलात,” ते म्हणाले. “बाईंनी हजेरी घेतली. सध्या मी एकटाच पटावर.”

आणि नातवासाठी त्यांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली.