एक पाटा जास्त

आमच्या गल्लीत कुणी गाडी घेऊन आलं, की दत्तूअण्णा आधी तिच्या मागं जाऊन उकिडवे बसतात. माणसाचं तोंड नंतर बघतात. चाक आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत हात घालतात, बोटं मोजतात आणि निकाल देतात, "पावणं, मागनं बसलीया गाडी." पुतणीला बघायला आलेल्या मंडळींनाही त्यांनी हेच ऐकवलं होतं. आत चहा गार होत होता आणि मुलाचा बाप अण्णांबरोबर स्वतःच्याच गाडीखाली डोकावत होता. तरी लग्न जमलं, हे पुतणीचं नशीब.

अण्णा माझे शेजारी. सत्तरीला टेकलेले, आवाज असा की कुजबुजले तरी पलीकडच्या गल्लीला कळतं. आयुष्यभर पिकअपमधून गूळ वाहिला. आता वाहायला काही उरलं नाही, पण पिकअप दारात उभी असते आणि दुपारभर तिच्या सावलीत अण्णा असतात. मी शाळेत शिकवतो म्हणून मला ते मास्तर म्हणतात, आणि माझ्या अज्ञानाची त्यांना मनापासून कीव येते.

गेल्या उन्हाळ्यात काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, माहेरी जायचं काढलं. माहेर मलकापूरच्या पुढं, डोंगरात. तिथं थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. इकडं तीन वर्षांपूर्वी काकूंचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून त्यांना फार वेळ बसवत नाही, बहुतेक वेळ पडूनच असतात, म्हणून दोघींची गाठच पडलेली नाही. "एकदा तिला डोळ्यांनी बघितलं म्हंजे झालं," काकू म्हणायच्या आणि खिडकीतून असं बघत राहायच्या, जणू बहीण समोरच्या गच्चीवर वाळवण घालत असावी.

पिकअपच्या हौद्यात गादी टाकून, काकूंना आडवं झोपवून न्यायचं ठरलं. अडचण एकच होती. गावाच्या अलीकडं ओढा ओलांडताना वाटेतच एक खडक आहे, आणि सांगताना मलाच संकोच वाटतो, पण अण्णांची स्वतःची पिकअप मागनं बसली होती. ती खडकाला घासली असती तर दणका थेट काकूंच्या कमरेत गेला असता.

मग अंगणात काम सुरू झालं. गॅरेजला न्या म्हटलं तर अण्णा म्हणाले, "मास्तर, सोताचं दुखणं दुसऱ्याला दावायचं न्हाय." पुढच्या चाकांना दगड लावले, जॅकखाली फळी घातली, चासीखाली लाकडी ओंडके रचले. गंजलेल्या बोल्टांना दोन दिवस डिझेल पाजलं. पान्याच्या दांड्याला पाइप जोडून त्यावर आधी अण्णा लोंबकळले, मग मी, मग आम्ही दोघं. मागच्या आसावर पाटे असतात, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. गाडीचा सगळा भार त्यांच्यावर. भंगार बाजारातून आणलेले दोन-दोन पाटे अण्णांनी दोन्ही बाजूंना वाढवले आणि जॅक सोडला. गाडी मागून एवढी उचलली गेली की बोनेट जमिनीकडं झुकलं.

"कुणाला नमस्कार घालतीया ही?" काकूंनी दारातून विचारलं.

चाचणीसाठी गादीवर पाण्यानं भरलेलं पातेलं ठेवलं. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत पातेलं रिकामं आणि गादी चिंब. पाटे वाढवले की रिकामी गाडी कडक होते आणि आदळते, हे अण्णांना माहीत नव्हतं असं नाही. पण जन्मभर भरलेलीच गाडी हाकली होती, त्यामुळं रिकामीचं त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. त्यांनी तालमीतले तीन पैलवान बोलावून हौद्यात बसवले. या खेपेला थेंब सांडला नाही.

"झालं की. ह्यास्नीबी संगट न्यायचं," अण्णा म्हणाले.

"भणीला बघाय चाललोय का आखाडा भरवाय?" काकू म्हणाल्या. शिवाय पैलवान बसले की गाडीही बसत होती.

अण्णा दोन दिवस गप्प होते. गल्लीला वाटलं, घरात कुणी आजारी आहे. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोन्हीकडचा एक-एक पाटा काढून टाकला. पातेल्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. आजवर कुणाला न दिलेली किल्ली त्यांनी माझ्या हातावर ठेवली आणि स्वतः गादीवर आडवे झाले. मी अगदी हळू रंकाळा तळ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. अण्णा छातीवर हात ठेवून ढगांकडं बघत होते, झाडांच्या फांद्या त्यांच्यावरून मागं सरकत होत्या. इतके निवांत मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

दारात आल्यावर मी विचारलं, "दणका बसला?"

"न्हाय." पण ते उठले नाहीत. पडल्या पडल्याच हळूच म्हणाले, "मास्तर, असं पडून ऱ्हायलं की लई एकटं वाटतंय. आभाळ तेवढं दिसतंय. गाडी कुठं चाललीया कळत न्हाय. तीन वर्सं ही अशीच पडलीया की."

त्या क्षणी मला अण्णांबद्दल फार माया वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मीच चालवली. मागं गादीवर काकू आणि त्यांच्या उशाशी अण्णा. वाटेत गावं येतील तशी ते नावं सांगत होते, कुठं नवा बंगला झालाय, कुठली विहीर बुजवलीय, सगळं. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. ओढ्यातला खडक आला आणि गाडी अलगद त्याच्यावरून निघून गेली.

"अण्णा, घासली नाही," मी खिडकीतून ओरडून सांगितलं.

आरशात बघितलं, तर अण्णा काकूंच्या शेजारी गादीवर आडवे झाले होते आणि हात वर करून आभाळातलं काहीतरी त्यांना दाखवत होते.