पंचवीसचं अ‍ॅव्हरेज

"एसीला कुणी हात लावायचा नाही," कमलाकांतांनी गाडीत बसता बसताच बजावलं. "आणि त्या चपला घरी ठेवून या."

"सुनेच्या माहेरी अनवाणी जाऊ?" नलूताईंनी विचारलं.

"दोन जोड म्हणजे दीड किलो होतात, नलू."

नलूताई पैठणी सावरत, चपलांसकट मागे बसल्या. शेजारी लेक वल्लरी, तिच्या मांडीवर बाळंतविडा, पायाशी घुगऱ्यांचा डबा. डिकीत बाबागाडी. गिरगावातल्या त्या भर मे महिन्यात काचा दोनच बोटं उघड्या होत्या, कारण जास्त उघडल्या तर म्हणे हवा अडते.

आता हा वेडेपणा कशासाठी, ते सांगायला हवं. दादरला व्याह्यांकडे नातवाचं बारसं होतं, मुहूर्त बारा वाजून पाच मिनिटांचा. कमलाकांतांना नातवाचं नाव जयवंत ठेवायचं होतं. त्यांच्या वडिलांचं नाव ते. वडील जाऊन वीस वर्षं झाली, ती हाक घरात पुन्हा ऐकू यावी असं त्यांना मनापासून वाटत होतं. व्याही शामरावांना मात्र ध्रुव हवा होता. बाळाचे आईबाप, म्हणजे कमलाकांतांचा मुलगा यतीन आणि सून कादंबरी, दोन्ही आजोबांचे फोन ऐकून ऐकून इतके विटले, की "तुम्हीच काय ते ठरवा" म्हणून मोकळे झाले.

शहाण्या माणसांनी चिठ्ठ्या टाकल्या असत्या. पण कमलाकांतांनी नुकतीच हायब्रीड घेतली होती आणि ती लिटरला अठ्ठावीस देते असं ते दूधवाल्यालाही सांगून चुकले होते. शामरावांची सगळी नोकरी बसच्या गॅरेजात गेलेली. ते म्हणाले, "अठ्ठावीस कंपनीच्या कागदावर हो. गिरगाव ते दादर पंचवीस दाखवा. दाखवलंत तर जयवंत, नाहीतर ध्रुव."

निघताना अ‍ॅव्हरेजचा आकडा शून्यावर आणला होता. इंजिन थंड, त्यामुळे ऑपेरा हाऊसला स्क्रीनवर चौदा आले. पण भायखळ्याला ट्रॅफिक तुंबलं, गाडी बॅटरीवर सरपटायला लागली आणि आकडा चढू लागला. अठरा, वीस, एकवीस. लोक ट्रॅफिकला शिव्या घालत होते. हे गृहस्थ ट्रॅफिक बघून खूश होत होते.

"बाबा, पूल मोकळा दिसतोय, वरून घे ना," वल्लरी म्हणाली.

"चढ आहे तो. पेट्रोल पितो."

म्हणून गाडी पुलाखालून, लालबागच्या भर गर्दीतून निघाली. नलूताईंच्या कपाळावरचं कुंकू नाकाच्या दिशेने निघालं होतं. परळला आकडा चोवीस पूर्णांक तीनवर येऊन बसला तो हलेचना. कमलाकांतांनी आरशातून मागे पाहिलं आणि हिशेब केला.

"नलू, तुम्ही दोघी मिळून साधारण एकशे..."

आरशातून नलूताईंनी ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर कमलाकांतांनी तो आकडा पूर्ण केला नाही. आवाज मऊ करून म्हणाले, "दोनच मिनिटं उतरा. सामानासकट. पुढच्या सिग्नलला घेतो."

बिचाऱ्या उतरल्या. बाबागाडी, डबा, बाळंतविडा सगळं घेऊन सिग्नलपर्यंत चालत गेल्या. गाडी तिथे आली तेव्हा आकडा चोवीस पूर्णांक सात झाला होता आणि सिग्नल हिरवा होता. आता थांबायचं म्हणजे पुन्हा वेग घ्यायला पेट्रोल जाणार. कमलाकांतांनी काचेतून हात हलवला आणि ते थेट पुढे गेले.

"अगं, गेले हे," नलूताई म्हणाल्या. "मला सोडून गेले, एका आकड्यासाठी."

दादरला शामरावांच्या सोसायटीशी कमलाकांत पोचले, तेव्हा स्क्रीनवर चोवीस पूर्णांक नऊ होते. शामराव गेटवरच उभे. स्वतःच्या डोळ्यांनी आकडा पाहिल्याशिवाय वर जायचं नाही, असं ते सकाळपासून घरात सांगत होते.

"काय म्हणतेय गाडी?"

"एक राऊंड मारून आलो."

बिल्डिंगीला वळसा घालून ते आले. आकडा तेवढाच. दुसरा राऊंड, तिसरा. शामरावांना शंका आली, ते धोतराचा सोगा धरून गाडीबरोबर चालायला लागले, डोकं खिडकीत. "गडबड करायची नाही हां, मी बघतोय." गाडी बैलगाडीच्या चालीने, शेजारी घामाघूम व्याही. बॅटरीची एकच कांडी उरली होती, ती गेली की इंजिन सुरू होऊन सगळं मुसळ केरात. पाचव्या राऊंडला वरच्या गॅलरीतून कुणीतरी हाका मारल्या. दोघांपैकी एकानेही मान वर केली नाही.

सातव्या राऊंडला पंचवीस लागले.

शामरावांनी आकडा दोनदा वाचला. मग त्यांनी कमलाकांतांचा हात हातात घेतला. "जयवंत तर जयवंत. मानलं तुम्हाला."

कमलाकांतांच्या डोळ्यांत पाणी आलं. दोघे व्याही हातात हात घालून जिना चढले. वर पाळणा हलत होता आणि बायका घुगऱ्या वाटत होत्या. घड्याळात साडेबारा झाले होते.

"नाव ठेवून झालं," नलूताई म्हणाल्या. "मुहूर्त तुमच्यासाठी थांबतो का? दोन्ही आजोबा रस्त्यावर. शेवटी आत्याने कानात सांगितलं."

"जयवंत ना?"

"अभय," वल्लरी म्हणाली.

"अभय? तो कोण?"

वल्लरीने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे खाकी शर्टातला एक टॅक्सीवाला पाटावर बसून श्रीखंड-पुरी जेवत होता. परळला भर उन्हात दोघींना पाहून तो आपणहून थांबला होता, फुल एसी लावून बारा मिनिटांत त्याने दादर गाठलं होतं आणि बाबागाडी तीन मजले वर आणून दिली होती.

"आज कानात सांगण्यासारखं दुसरं नाव मला सुचेना," वल्लरी म्हणाली.

यतीन आणि कादंबरी पाळण्यापाशी गालातल्या गालात हसत होते. त्यांना नाव आवडलं होतं. कमलाकांत टॅक्सीवाल्याशेजारच्या पाटावर टेकले. त्याने अदबीने थोडं सरकून जागा दिली.

"काका, खाली ती हायब्रीड तुमची ना? मीपण घ्यायचं म्हणतोय. किती देते?"

कमलाकांतांनी एकवार नलूताईंकडे पाहिलं.

"पंचवीस देते," ते म्हणाले. "पण घरच्यांना परळला उतरवावं लागतं."