कठड्यावरची रजई

"आज संध्याकाळपर्यंत फोटो आला नाही, तर तुमची बदली पक्की समजा," साहेब फोनवर पर्यटन कार्यालयातल्या कारकुनाला म्हणाले. कॅलेंडरसाठी दरीचा फोटो हवा होता, तोही उन्हातला. आता तीन महिने इथे सूर्याचं तोंड कुणी पाहिलं होतं? आजवर पाठवलेले चारही फोटो नुसते पांढरे होते. पण बदली म्हणजे खालचा मैदानी मुलूख, धूळ आणि उकाडा. चिखल, धुकं, बुरशी धरलेले बूट या सगळ्यासकट त्याचा या डोंगरावर जीव होता.

आणि काय आश्चर्य! दुपारी दोनला लख्ख ऊन पडलं. कारकून कॅमेरा गळ्यात अडकवून कड्यावरच्या कठड्याकडे धावत सुटला.

कठड्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत गाद्या, उशा, चादरी, पायमोजे! अख्खं गाव तीन महिन्यांचा ओलावा वाळवायला आलं होतं. त्यावरून दरीची जेमतेम एक पट्टी दिसत होती.

"अहो, काढा हे! सरकारी काम आहे!"

"ऊनही सरकारीच का?" शाळेतल्या बाई म्हणाल्या. "माझ्या गादीवर अळंबी उगवलीय, अळंबी!"

"पाचच मिनिटं हो!"

"पाच मिनिटांत ऊन जातं इथलं," बेकरीवाला म्हणाला. "आणि आधी तुमच्या घरची काढा की!"

बरोब्बर मधोमध त्याचीच निळी रजई होती, लालभडक ठिगळासकट. बायको काठीने ती झोडपत होती.

"अगं, तू तरी काढ!"

"हात तर लावून बघा! बदलीच व्हायची असेल, तर निदान कोरडी रजई घेऊन जाऊ."

ही हुज्जत चालू असतानाच डोंगरामागून काळा ढग वर आला. कारकुनाने कपाळाला हात लावला आणि दिसलं तसं एकदा बटण दाबलं. लगेच सर कोसळली. गाद्या डोक्यावर घेऊन गाव पळालं.

संध्याकाळी त्याने तो एकुलता एक फोटो पाठवला आणि माळ्यावरची ट्रंक खाली काढली. बायको रडकुंडीला आली होती. "वर्षभर लोकांच्या भिंतीवर माझं ठिगळ!"

तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, काय फोटो काढलाय!" साहेब खूश होते. "गेल्या वर्षीच्या कॅलेंडरातलं ऊन लोकांना खरं वाटलंच नव्हतं, रंगवलंय म्हणाले. आता या गाद्या बघून कोण शंका घेईल? पुढच्या वर्षीही तुम्हीच काढायचा. फक्त ते लाल ठिगळ मध्येच हवं हं!"

कारकुनाने ट्रंक परत माळ्यावर ढकलली. त्या रात्री ओल्या रजईत त्याला छान झोप लागली.

सहा आठवड्यांनी पुन्हा ऊन पडलं. पुढच्या वर्षीचा फोटो आत्ताच काढून ठेवावा म्हणून तो कॅमेरा घेऊन कठड्यापाशी पोचला, तर बायको आधीच हजर. बेकरीवाल्याची गादी बाजूला सारून, ठिगळ नीट समोर येईल अशी तिने रजई पसरली होती. आणि शेजारी शाळेतल्या बाई आपल्या नव्याकोऱ्या चादरीला घाईघाईने लाल ठिगळ लावत बसल्या होत्या.